कॅम्पिंगला मोबाईलचा हॉटस्पॉट: पुण्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी सकाळी चांदणी चौकातून मुळशीकडे किंवा देहूरोडवरून कामशेतकडे निघालेल्या गाड्यांत आता तंबू, चटया आणि कोळशाच्या पोत्याबरोबर लॅपटॉपही असतो. कुणाची सोमवारच्या कामाची तयारी राहिलेली असते, कुणाला आईला रात्री व्हिडिओ कॉल करायचा असतो, कुणाला सामना बघायचा असतो. मग एकाच्या फोनचा हॉटस्पॉट चालू होतो आणि सगळे त्याला जोडले जातात. संध्याकाळी सातपर्यंत तो फोन बंद पडलेला असतो.

निघण्याआधी लोक डेटाचा विचार सगळ्यात जास्त करतात. प्रत्यक्षात कॅम्पवर आधी बॅटरी संपते, त्याआधी रेंज त्रास देते आणि डेटाची वेळ बऱ्याचदा शेवटी येते. खालची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत.

हॉटस्पॉट चालू केल्यावर फोन नेमकं काय करतो?

टॉवरकडून मोबाईल डेटा घेतो आणि स्वतःच छोटा वायफाय राउटर बनून आजूबाजूच्या फोन-लॅपटॉपना वाटतो. म्हणजे त्याचे दोन रेडिओ एकाच वेळी कामाला लागलेले असतात, एक टॉवरशी बोलणारा आणि एक तुमच्या मंडळींशी. बॅटरी आणि उष्णतेच्या सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे. अँड्रॉइडवर हा पर्याय सेटिंग्जमध्ये नेटवर्क व इंटरनेटखाली ‘हॉटस्पॉट व टिथरिंग’ नावाने सापडतो, काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘कनेक्शन्स’खाली. आयफोनवर ‘पर्सनल हॉटस्पॉट’.

कॅम्पच्या जागी रेंज असेल का, हे घरी बसून कसं कळेल?

मोबाईल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे असतात. ते जरूर बघा, पण सह्याद्रीत त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. मोबाईलच्या लहरी डोंगर भेदून जात नाहीत. पवना धरणाचंच घ्या. पाण्याभोवती लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग असे चार किल्ले आणि त्यांना जोडणाऱ्या डोंगररांगा आहेत. नकाशावर अख्खा परिसर एकाच रंगात दिसतो, पण एका काठावर व्हिडिओ चालतो आणि डोंगराच्या सावलीतल्या दुसऱ्या काठावर साधा मेसेजही जात नाही, असं सहज होऊ शकतं. मुळशीच्या आतल्या बाजूला, ताम्हिणीकडे, पानशेत-वरसगावच्या मागे, भोरच्या आत सगळीकडे हाच हिशेब.

खात्रीचा मार्ग म्हणजे कॅम्पवाल्याला फोन करणं. मात्र ‘रेंज आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘आहे की’ असंच येणार. तीन गोष्टी विचारा: तुमच्या इथे कोणत्या कंपनीचं सिम चालतं? तंबू लावता तिथे व्हिडिओ कॉल होतो का, की फक्त रस्त्यावर? शनिवारी रात्री गर्दी असते तेव्हा काय होतं? तिथे राहणाऱ्या माणसाला याची अगदी बारीक माहिती असते, कुठल्या झाडाखाली नेट येतं इथपर्यंत.

मग कोणतं सिम न्यावं?

एका कंपनीचं नाव सांगणं चुकीचं होईल, कारण ते दर दरीला बदलतं. तत्त्व एवढंच: गटात किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत. चौघांकडे एकाच कंपनीची चार सिम असतील तर रेंजच्या दृष्टीने ते एकच सिम आहे. तुमच्या फोनला दोन सिमची सोय असेल तर दुसरं वेगळ्या कंपनीचं ठेवा आणि तिथे पोचल्यावर डेटासाठी कोणतं वापरायचं ते सेटिंग्जमधून ठरवा. हॉटस्पॉट नेहमी डेटासाठी निवडलेल्या सिमवरूनच चालतो. हे न तपासता ‘इथे नेटच नाही’ म्हणणारे बरेच असतात.

दांड्या पूर्ण दिसतात, तरी नेट का चालत नाही?

याची कारणं दोन आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं कारण गर्दी. दांड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवर किती जण आहेत ते दाखवत नाहीत. धरणाकाठच्या गावातला टॉवर गावाच्या वापराचा हिशेब करून उभारलेला असतो आणि शनिवारी रात्री त्याच्यावर शेकडो तंबूंतले फोन येऊन पडतात. ३१ डिसेंबरला तर विचारूच नका. यावर फोनमध्ये कुठलीही सेटिंग बदलून उपाय होत नाही. मोठी फाईल पाठवायची असेल तर पहाटे उठून पाठवा, तेव्हा तोच टॉवर मोकळा असतो.

दुसरं कारण असं की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतो, पण तुमचा टॉवरपर्यंत पोचत नाही. टॉवर कित्येक वॅट ताकदीने प्रक्षेपण करतो, फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट असते. म्हणून दूरच्या टॉवरवर व्हिडिओ बघता येतो, पण फोटो पाठवताना चक्र फिरत राहतं. कॉलवर तुम्हाला समोरचे दिसतात आणि त्यांना तुम्ही गोठलेले दिसता.

खरी ताकद आकड्यात बघायची असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यात लिहिलेली असते. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १००ला काम चालतं. उणे ११०च्या पुढे गेलात की हॉटस्पॉटवर मीटिंगची आशा सोडा, आणि उणे १२०ला फोन जेमतेम टॉवरला धरून असतो. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. तंबूची जागा ठरवण्याआधी हा आकडा बघत पन्नास पावलं इकडेतिकडे चालून या. दहा-पंधरा डीबीएमचा फरक थोड्याच अंतरावर सापडतो, आणि तो फार मोठा फरक आहे: दर दहा डीबीएमला सिग्नल दहापट वाढतो किंवा घटतो.

तंबूत रेंज नाही, पण वीस पावलं वर आहे. काय करावं?

हॉटस्पॉटचा खरा उपयोग इथेच आहे. हॉटस्पॉट देणारा फोन तुमच्या हातात असण्याची गरज नाही. तो रेंजच्या जागी ठेवा आणि तुम्ही खाली तंबूत वायफायवर जोडले जा. मोकळ्या जागेत फोनचं वायफाय दहा-पंधरा मीटर आरामात पोचतं, मध्ये आडोसा नसेल तर जास्तही.

फोन जमिनीवर ठेवू नका, उंचावर ठेवा. कापडी पिशवीत पॉवर बँकेसकट घालून तंबूच्या खांबाला किंवा फांदीला टांगला तरी फरक जाणवतो. ओली पानं सिग्नल शोषतात, त्यामुळे दाट झाडीपेक्षा मोकळी बाजू बरी. गाडीच्या आत ठेवू नका, पत्रा सिग्नल अडवतो. आणि पावसापासून वाचवायला म्हणून स्टीलच्या डब्यात तर अजिबात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीने मात्र लहरींना काही होत नाही.

माकडांचा विचार करा. सिंहगडावर आणि घाटातल्या बऱ्याच ठिकाणी ती पिशवी उचलायला टपलेली असतात, त्यामुळे टांगलेला फोन कायम नजरेसमोर हवा. आणि रेंज शोधत अंधारात कड्याच्या दिशेने जाऊ नका. नजर पडद्यावरच्या आकड्यावर असते आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. अशा वेळी रेंजसाठी उघड्या टेकाडावर किंवा एकट्या झाडाखाली उभं राहणं जिवावर बेतू शकतं. फोन वीज ओढून घेत नाही, धोका त्या जागेचा असतो.

बॅटरी किती वेळ टिकेल?

चांगल्या रेंजमध्ये, ५,००० एमएएचची निरोगी बॅटरी असेल आणि दोन-तीन जण साधं काम करत असतील तर पाच-सहा तास धरून चाला. रेंज कमकुवत असेल तर हाच वेळ निम्म्यावर येऊ शकतो, कारण टॉवर दूर असला की फोन प्रत्येक वेळी पूर्ण ताकद लावून ओरडतो. पुण्यात कोथरूडला घरी हॉटस्पॉट दिवसभर टिकला म्हणून तो पानशेतला टिकेल असं मानू नका.

बचतीचे उपाय परिणामाच्या क्रमाने सांगतो. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे हॉटस्पॉट सतत चालू न ठेवणं. गटात ठरवून टाका की सकाळी अर्धा तास आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास नेट, बाकी वेळ बंद. ऐकायला कडक वाटतं, पण एकदा वेळ ठरली की लोक आपापली कामं त्या वेळात उरकतात आणि कुणाची कुरकूर राहत नाही. त्यानंतर चांगली जागा शोधणं, जे वर सांगितलं. मग ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच्यावर दुसरं काही न करणं: त्याचा पडदा बंद, त्याच्यावर गाणी नाहीत, फोटो नाहीत. अँड्रॉइडमध्ये ‘हॉटस्पॉट आपोआप बंद करा’ हा पर्याय चालू ठेवला तर कुणीही जोडलेलं नसताना तो स्वतःच बंद होतो.

आणखी एक गळती कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या फोनला रेंज नाही, त्यांचे फोन खिशात पडल्या पडल्या टॉवर शोधत राहतात आणि स्वतःची बॅटरी खातात. त्यांनी एअरप्लेन मोड लावून वरून फक्त वायफाय चालू करावं. हॉटस्पॉट मिळतो आणि शोधाशोध थांबते.

पॉवर बँक किती मोठी न्यावी?

१०,००० एमएएच लिहिलेल्या पॉवर बँकेतून ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७ असतं, ते यूएसबीसाठी ५ व्होल्टवर चढवताना आणि फोनमध्ये परत उतरवताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. पॉवर बँक उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्या आकड्याच्या खाली ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून दुसरा आकडा असतो, बहुधा ६,०००च्या आसपास. हिशेबात तो धरा. म्हणजे साधारण सव्वा वेळा फोन भरेल.

एका रात्रीच्या कॅम्पला, हॉटस्पॉट देणाऱ्या एका फोनसाठी, १०,०००ची एक पुरते. दोन रात्री असतील किंवा कामाचा लॅपटॉप बरोबर असेल तर २०,०००ची घ्या. ती सगळ्यांनी मिळून वापरायची असेल तर आधीच सांगून ठेवा की पहिला हक्क हॉटस्पॉटच्या फोनचा. छोटी सोलर पॅनेलं हौसेला ठीक आहेत. पावसाळी ढगांत किंवा झाडाखाली त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

वायफाय, यूएसबी की ब्लूटूथ?

एकच लॅपटॉप जोडायचा असेल तर यूएसबीची केबल सगळ्यात उत्तम. वेग स्थिर मिळतो आणि लॅपटॉपकडून फोन चार्ज होत राहतो. लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-तासांच्या आसपास असते, फोनची १९-२०, त्यामुळे हा सौदा फोनच्या फायद्याचा आहे. केबल मात्र डेटा वाहणारी हवी, काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्याच असतात. घरी एकदा जोडून बघा.

ब्लूटूथ हळू आहे, पण बॅटरी फार कमी घेतं. नुसते व्हॉट्सॲपचे मेसेज आणि मेल बघायचे असतील तर तेवढं पुरतं. दोघा-चौघांना द्यायचं असेल तर वायफायच.

२.४ ठेवू की ५ गीगाहर्ट्झ?

हॉटस्पॉटच्या सेटिंगमधले हे वायफायचे दोन बँड. कॅम्पवर २.४. ते लांब जातं आणि तंबूच्या कापडाचा किंवा एखाद्या झाडाचा अडथळा सोसतं. ५ गीगाहर्ट्झला वेग जास्त, पल्ला कमी, आणि तसाही तिथला अडथळा टॉवरकडून असतो, वायफायकडून नसतो. नव्या आयफोनांवर यासाठी ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ असा पर्याय आहे, तो चालू करा. आयफोनचा हॉटस्पॉट इतरांना दिसत नसेल तर सगळे जोडले जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचा पडदा उघडाच ठेवा.

डेटा किती लागेल?

व्हॉट्सॲपच्या मजकुराला जवळजवळ काहीच लागत नाही. आवाजी कॉलला तासाला ३०-४० एमबीच्या आसपास. खरा खर्च चित्रांचा. ४८० पिक्सेलवर व्हिडिओ बघितला तर तासाला अर्धा जीबी, १०८० पिक्सेलवर त्याच्या तीन ते सहापट. ऑफिसच्या गटातली व्हिडिओ मीटिंग तासाला एक जीबीच्या घरात जाते. टी-२० सामना पूर्ण बघितला, तोही मध्यम दर्जात, की दिवसाचे दोन जीबी संपलेच. हे सगळे अंदाज आहेत, ॲप आणि दर्जाप्रमाणे बदलतात, पण निघण्यापूर्वीच्या हिशेबाला पुरेसे आहेत.

आम्ही काहीच बघितलं नाही, तरी डेटा तासाभरात संपला. कसा?

हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला ते वायफाय वाटतं, आणि त्यातच सगळी गोम आहे. आपण फोनला सांगून ठेवलेलं असतं की फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उतरवणं हे सगळं ‘फक्त वायफायवर’ कर. दिवसभर काढलेले किल्ल्यावरचे फोटो आणि व्हिडिओ फोनमध्ये वाट बघत पडलेले असतात. हॉटस्पॉट मिळाला की फोनला वाटतं घर आलं, आणि तो सगळं वर चढवायला घेतो. असे चार फोन जोडले गेले की तुमचे दोन जीबी कुणी बोटही न लावता उडतात. विंडोजचा लॅपटॉप असेल तर त्याचे अपडेट वेगळेच.

उपाय जोडणाऱ्याच्या बाजूला करायचा असतो. अँड्रॉइडवर वायफायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावापुढच्या चिन्हावर टिचकी मारा आणि ‘नेटवर्क वापर’ किंवा तत्सम ठिकाणी तो ‘मीटर केलेला’, म्हणजे मोजून वापरायचा, आहे असं सांगा. आयफोनवर त्याच जागी ‘लो डेटा मोड’ असतो. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. फोटोंचा बॅकअप सरळ दोन दिवस बंदच ठेवला तर सगळ्यात बरं. पासवर्ड देतानाच ‘आधी बॅकअप बंद कर’ असं प्रत्येकाला सांगा, तुमचा डेटा वाटताय तर तेवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

दिवसाचा कोटा संपला तर?

बहुतेक प्लॅनमध्ये नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. त्या वेगाने ५ एमबीचा एक फोटो जायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. मजकुराचा मेसेज जाईल, बाकी विसरा. कोटा रात्री बाराला पुन्हा भरतो. त्याआधी जास्तीचा डेटा हवा असेल तर डेटा पॅक घ्यावा लागतो, पण या वेगाने रिचार्जचं ॲप आणि पैसे भरण्याचं पान उघडता उघडता जीव मेटाकुटीला येतो. सोपा रस्ता: घरी साधा फोन किंवा एसएमएस करा आणि घरच्यांना तुमच्या नंबरवर पॅक टाकायला सांगा. त्याहून सोपा म्हणजे पुणे सोडण्याआधीच पॅक टाकून निघणं.

५जी चालू ठेवू का?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं आणि शहरात ते सर्रास मिळतं. धरणांच्या आतल्या भागात बऱ्याचदा ते काठावरचं मिळतं, म्हणजे मिनिटात ५जी, मिनिटात ४जी. या उड्यांत कॉल तुटतो आणि बॅटरी जाते. अशा ठिकाणी सेटिंग्जमधून फोन ४जीवरच बांधून ठेवला की नेट स्थिर होतं.

पण एक पेच लक्षात ठेवा. तुमच्या प्लॅनमध्ये ५जीचा डेटा अमर्याद असेल तर ती सवलत ५जीवर असतानाच लागू असते. ४जीवर आलात की रोजचा कोटा कापायला सुरुवात होते. ५जी पक्कं असेल तर तेच ठेवा. डळमळीत असेल तर मी स्थिरतेच्या बाजूने, म्हणजे ४जी.

पवनेच्या काठावरून ऑफिसची मीटिंग घेता येईल का?

येते, पण तिच्यावर नोकरीतलं काही महत्त्वाचं अवलंबून असेल तर घेऊ नका. मुलाखत, ग्राहकासमोरचं सादरीकरण, ज्यात तुम्ही तुटलात तर चालणार नाही अशी गोष्ट, यासाठी घर किंवा निदान पवनानगर-कामशेतसारख्या टॉवरजवळच्या गावात या. रोजच्या साध्या मीटिंगला हरकत नाही. फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडा, बाकीच्यांना अर्ध्या तासासाठी हॉटस्पॉटवरून उतरवा, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा. अपलोड हाच कमजोर दुवा असतो आणि कॅमेरा त्याचाच घास घेतो. मीटिंगमध्ये फोनवरून डायल करून येण्याचा नंबर असेल तर तो वहीत लिहून ठेवा, नेट गेलं तर साध्या कॉलवरून जोडले जाता येतं.

शेजारच्या तंबूत माणसं विश्रांतीला आलेली असतात. हेडफोन लावा आणि बोलायला थोडं लांब जा.

फोन फार गरम होतो. चिंतेचं कारण आहे का?

कोमट होणं साहजिक आहे, हातात धरवत नसेल तर थांबा. हॉटस्पॉट, चार्जिंग आणि ऊन ही तिन्ही एकत्र आली की फोन तापतो. मग तो स्वतःच वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो किंवा बंद पडतो. अॅपल आपल्या फोनसाठी ०ते ३५ अंश सेल्सिअसचं बाहेरचं तापमान सांगतं, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या आसपास दुपारी पारा त्याच्या वर सहज असतो. कव्हर काढा, सावलीत आणि वाऱ्याला ठेवा, शक्य असेल तर चार्जिंग आणि हॉटस्पॉट आलटून पालटून करा. दुपारी बंद तंबूत फोन सोडून जाऊ नका, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं. गार करायला बर्फाच्या पेटीतही ठेवू नका, आत बाष्प धरतं.

पावसाळ्यात वेगळं काय?

पावसाच्या थेंबांनी मोबाईलचा सिग्नल फारसा अडत नाही. अडचण होते ती वीज गेल्याने. गावातली वीज गेली की टॉवर बॅकअपवर जातो आणि तो संपला की टॉवरच बंद पडतो. राजमाचीला जूनमध्ये काजवे बघायला जाणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात ओल गेली असेल तर केबल लावू नका. फोन उभा धरून हलके झटका आणि वाऱ्यावर सुकू द्या.

पासवर्ड खरंच लागतो का? रानात कोण येणार आहे?

लागतो. धरणाकाठी तंबू एकमेकांना खेटून असतात आणि तुमच्या सिमवरून जे काही होईल त्याची नोंद तुमच्या नावावर होते. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवा आणि हॉटस्पॉटला स्वतःचं नाव किंवा मोबाईल नंबर देऊ नका. परत आल्यावर पासवर्ड बदलून टाका.

माझ्या फोनला रेंज नाही, मित्राच्या आहे. मला माझ्या नंबरवरून घरी फोन करता येईल?

हो, आणि ही सोय फार थोड्या लोकांना माहीत आहे. तुमच्या फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा आणि मित्राच्या हॉटस्पॉटला जोडा. तुमचा साधा कॉल त्याच्या नेटवरून जातो, समोरच्याला तुमचाच नंबर दिसतो. मित्राची कंपनी वेगळी असली तरी चालतं. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये सुरू केली. पर्याय घरीच चालू करून एकदा तपासून घ्या.

यूपीआयही हॉटस्पॉटवरून चालतं. पण नव्या फोनमध्ये यूपीआय पहिल्यांदा सुरू करायला सिमवरून एसएमएस जावा लागतो, तो प्रयोग कॅम्पवर करू नका. पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशींसाठी सुटे पैसे खिशात असू द्या. नेट अडलं म्हणून त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही.

ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर नेला तर?

नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय मोबाईल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर लावणं बेकायदा आहे, आणि त्याने आसपासच्या सगळ्यांच्या, अगदी मदतीसाठी फोन करणाऱ्याच्याही, सिग्नलमध्ये बिघाड होतो. उपग्रह फोनही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परदेशातून आलेले पाहुणे बरोबर असतील तर त्यांना हे आधीच सांगा.

अपघात झाला आणि हॉटस्पॉट चालत नसेल तर?

नेट नसलं तरी साधा कॉल लागू शकतो, तो आधी करा. ११२ हा आणीबाणीचा नंबर तुमच्या कंपनीची रेंज नसतानाही दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ दिसत असेल तरी प्रयत्न करा. रुग्णवाहिकेसाठी १०८. कॉल लागत नसेल तर एसएमएस पाठवा, डेटा चालत नाही इतक्या क्षीण सिग्नलवरही तो बऱ्याचदा निसटून जातो. डोंगरात माणूस अडकला असेल तर लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र यांसारख्या बचाव संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. तुम्ही जाताय त्या भागातल्या संस्थेचा नंबर निघण्यापूर्वी शोधून कागदावर लिहून घ्या.

जागा सांगताना ‘धरणाजवळ’ म्हणून भागत नाही. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसतानाही नकाशाच्या ॲपमध्ये अक्षांश-रेखांश दिसतात. ते वाचून सांगा. यासाठी त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवलेला हवा, आणि ते काम घरच्या वायफायवर पाच मिनिटांचं आहे.

या सगळ्याला फोनमध्ये चार्ज शिल्लक असावा लागतो. म्हणून गटातला एक फोन हॉटस्पॉटच्या भानगडीत पडणारच नाही, पूर्ण चार्ज करून बंद ठेवला जाईल, हे निघण्यापूर्वी ठरवा आणि तो कुणाच्या पिशवीत आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या. बाकी सगळ्या सूचना ऐच्छिक माना, ही मानू नका.

घरात पडलेला जुना फोन हॉटस्पॉटसाठी चालेल का?

उत्तम चालेल, ४जी असला म्हणजे झालं. पडद्याला तडा गेलेला असला तरी बिघडत नाही. त्यात वेगळ्या कंपनीचं सिम घालून त्याला फक्त हॉटस्पॉटचं काम द्या, म्हणजे तुमचा रोजचा फोन फोटोंना आणि कॉलना मोकळा राहतो. एकच बघा: जुन्या फोनची बॅटरी फुगलेली नाही ना. मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा पडदा कडेने वर आला असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, नेऊही नका. चांगला असेल तर आदल्या रात्री सिम घालून, घरच्या वायफायपासून तोडून, लॅपटॉप त्याच्यावर तासभर चालवून बघा. आणि सिमचा ट्रे उघडायची पिन पाकिटात टाका.